पोतं, कट्टा आणि औषधाची पेटी

वन विश्रामगृहातला पंखा दर फेऱ्याला एकदा कण्हतो. डॉक्टर वैजयंती रामटेके बूट न काढताच खाटेवर आडवी झाली आहे आणि ते कण्हणं ऐकते आहे. दुपारचे अडीच वाजलेत. पहाटे चारपासून ती पायांवर आहे. साडेतीनला निखत दार वाजवणार आणि मग दोघींना जंगलात जायचं आहे, वाघिणीला भूल द्यायला.

वाघिणीला भूल देणं म्हणजे दवाखान्यात म्हशीला सुई टोचणं नव्हे. म्हशीला दाव्याने बांधता येतं, वजनकाट्यावर उभं करता येतं. वाघिणीचं वजन लांबून, नुसत्या नजरेने ठरवायचं आणि त्या अंदाजावर औषध भरायचं. जास्त झालं तर श्वास अडकतो. कमी झालं तर काय होतं, हे या खोलीत झोपू पाहणाऱ्या बाईइतकं कुणालाच ठाऊक नाही.

आजच्या वाघिणीला गावकरी कानतुटी म्हणतात. एका जंगलातून दुसऱ्या जंगलात जाताना वाघ धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, आणि कालवे कसे ओलांडतात, ते शोधायला तीन वर्षांपूर्वी वैजयंतीनेच तिच्या गळ्यात रेडिओचा पट्टा घातला होता. तेव्हा ती पोर होती. पट्टा दोन वर्षांनी आपोआप गळून पडायचा होता, तो पडला नाही. कानतुटी वाढली, पट्टा तेवढाच राहिला, आणि आता कॅमेऱ्याच्या फोटोत तिच्या मानेवर लाल चट्टा दिसतो. तिला झोपवून पट्टा बदलायची परवानगी आजच्या दिवसापुरती आहे. सकाळी तिने कालव्यालगतच्या बांबूत डुक्कर मारून ठेवलंय. ऊन उतरलं की ती खायला येईल.

खाटेखाली औषधाची पेटी आहे. पेटीत दोन डार्ट भरून तयार आहेत. बंदुकीतून मारायची ती सुई, आत भुलीचं औषध. फॉर्मवर वजनाच्या रकान्यात वैजयंतीने लिहिलंय पंच्याण्णव किलो.

"मॅडम, फोटोवरून ती एकशे पंधराच्या खाली नसावी," निखत म्हणाली होती. निखत पठाण संशोधक आहे, कानतुटीचे चार हजार फोटो तिने पाहिलेत.

"हात राखून भरलेलं बरं," वैजयंती म्हणाली होती. निखतने फोटो बाजूला ठेवले होते.

आता वैजयंतीला झोप येत नाही ती त्या पंच्याण्णवमुळे. तिला ते कळतंही. पण कळणं वेगळं आणि हाताने औषध वाढवणं वेगळं. पंखा कण्हतो. बाहेर कुणीतरी बादली ओढतं. पंख्याचा आवाज हळूहळू भरड होतो, खर्रर् खर्रर्, चाळणीतून काहीतरी गळावं तसा, आणि खोलीत कोंड्याचा गोड वास पसरतो.

तिला डोळे मिटायचे आहेत. डोळे मिटत नाहीत.

"नाई मिटाचे," पायथ्याकडून कुणीतरी म्हणतं. "भुलीत डोये उघडेच रायते. तूच शिकवलं ना मले."

खाटेच्या पायथ्याशी सोमाजी कन्नाके बसला आहे. चपलेत घुसलेला काटा दुसऱ्या काट्याने काढतो आहे. अंगात तोच खाकी शर्ट, वरचं बटण नसलेला. खांद्यावर तोच शेला. पंधरा वर्षं तो राईस मिलमध्ये हमाल होता आणि पुढची चौदा वर्षं वनमजूर. गेल्या दिवाळीच्या चार दिवस आधी कावीळ होऊन तो गेला. मयतीला वैजयंती गेली नव्हती. नागपूरला मीटिंग होती म्हणाली. मीटिंग होती, हे खरं. ती दुपारी संपली, हेही खरं.

"सोमाजी, तुम्ही गेलात ना?"

"गेलो ना." तो काटा उन्हाकडे धरून बघतो. "मले का मालूम नाई? डोयात मलम कोनी घातला का तुह्या?"

"नाही."

"मंग सुकन ना ते." तो उठतो, पेटीतून मलमाची ट्यूब काढतो आणि तिच्या डोळ्यांत एकेक रेघ घालतो. बरोबर तस्संच, जसं ती झोपलेल्या वाघाच्या डोळ्यांत घालते. मग शेला झटकून तिच्या डोळ्यांवर टाकतो. शेल्याला विडीचा आणि घामाचा वास आहे. वैजयंतीला इतकं बरं वाटतं की रडू फुटतं. तिला माफी मागायची आहे, पण भुलीतल्या जनावराची जीभ जड असते, तशी तिची झाली आहे.

शेल्याच्या आरपार तिला सगळं दिसतं आहे. विश्रामगृहाची मागची भिंत नाही. तिथे राईस मिलचं आवार आहे, ढीगच्या ढीग धान, आणि हवेत तूस उडतं आहे. हमालांची रांग लागली आहे. प्रत्येकाच्या पाठीवर एक जनावर. एकाच्या पाठीवर चितळ, एकाच्या रानगवा, एक बारका हमाल अस्वल घेऊन निघालाय आणि अस्वल त्याच्या खांद्यावर मान टाकून निवांत घोरतं आहे. कुणाला त्यात काही विशेष वाटत नाही. गोदामाच्या दाराशी उभा असलेला एकजण नुसता म्हणतो, "चाला, चाला, थप्पी अर्धीच हाये."

"तुम्ही वजन कसं सांगायचात, सोमाजी?" वैजयंती विचारते. आता ती उभी आहे. कधी उठली ते तिला कळलेलं नाही. "मी कितीदा विचारलं. तुम्ही नुसते हसायचात."

खरोखरच तो हसायचा. लांबून बिबट्या दिसला की सोमाजी आधी जागच्या जागी गुडघे जरासे वाकवायचा, उजवा खांदा खाली सोडायचा आणि डोळे बारीक करायचा. मग म्हणायचा, "कट्टाभर हाये," किंवा "पोतं हाये, पन ढिल्लं बांधलेलं." पोतं म्हणजे पंचाहत्तर किलो, कट्टा म्हणजे चाळीस. बाकीचे किलो वैजयंती मनात करायची. जनावर झोपल्यावर काट्यावर घातलं की दोन-तीन किलोंपलीकडे तो कधी चुकायचा नाही.

"सांगाची गोष्ट नोहे ते," सोमाजी म्हणतो. "पाठीले समजते. पाठ दे."

"काय?"

"वाक. पाठ दे."

ती वाकते. दोघे हमाल मागून येतात आणि तिच्या पाठीवर काहीतरी ठेवतात. ते ओलं आहे. मानेवरून गार पाणी ओघळतं, शर्टात शिरतं, कंबरेपर्यंत जातं. वळून पाहायची तिला गरज पडत नाही. तो कालव्यातला बिबट्या आहे.

आणि पायाखाली मिल नाही, कालवाच आहे, गुडघाभर पाणी. पलीकडच्या काठावर तीच बाभळ. तोच दिवस. दोन वर्षांपूर्वीचा. सोमाजीने गुडघे वाकवून सांगितलं होतं, "पोतं हाये बाई, घमेलंभर काढलेलं." म्हणजे अडुसष्ट. एवढा मोठा बिबट्या असत नाही, असं तिला वाटलं होतं. शिवाय आदल्या आठवड्यात दुसऱ्या एका जागी जास्त औषधाने एक बिबट्या दगावल्याचं तिने ऐकलं होतं. तिने हात आखडता घेतला आणि पन्नासचं औषध भरलं. बिबट्या पडला, पण झोपला नाही. माणसं जवळ गेली तसा धडपडत उठला, झोकांड्या खात कालव्यात उतरला आणि तिथे त्याची मान खाली गेली. गुडघाभर पाण्यात. तो अर्धा जागा होता म्हणून कुणाला जवळ जाता येईना, आणि अर्धा झोपेत होता म्हणून त्याला मान उचलता येईना. शेवटी सोमाजीच पाण्यात शिरला आणि त्याला शेपटी धरून ओढून बाहेर काढलं. तोवर उशीर झाला होता.

"किती हाये?" सोमाजी आता काठावर उकिडवा बसून विचारतो.

"पन्नास," वैजयंती म्हणते.

पाठीवरचं ओझं उतरत नाही. हमाल बाजूला हात बांधून उभे आहेत. त्यांना घाई नाही.

"पाठीले विचार. मले सांगू नको."

ती ओझं जरा वर सरकवते. पाणी ओघळतंच आहे. तिचा कान बिबट्याच्या छातीशी आहे आणि त्या छातीत काही वाजत नाही.

"अडुसष्ट," ती म्हणते.

"हं," सोमाजी म्हणतो, आणि हमाल लगेच ओझं उचलून नेतात, धान्याचं पोतं न्यावं तसं, हलक्या हाताने.

कालव्याच्या जागी वनकार्यालयाचा व्हरांडा येतो. टेबलावर तो अहवाल आहे. त्यातलं वाक्य तिच्याच अक्षरात आहे, 'वजनाचा अंदाज चुकल्याने औषध कमी पडले.' वाक्यात कुणाचं नाव नाही. पण अंदाज कोण सांगायचं हे अख्ख्या रेंजला माहीत होतं. त्या दिवसानंतर सोमाजीला कुणी वजन विचारलं नाही. जनावर दिसलं की तो सवयीने गुडघे वाकवायचा, मग आपल्याकडे कुणी बघत नाही हे लक्षात आलं की सरळ उभा राहायचा. वैजयंतीने ते पाहिलेलं आहे. तीनदा तरी पाहिलेलं आहे आणि तीनही वेळा ती मूग गिळून बसली आहे.

"तुमचा अंदाज चुकला नव्हता," ती म्हणते. जीभ सुटली आहे.

"मले मालूम होतं," सोमाजी म्हणतो. तो व्हरांड्याच्या पायरीवर तंबाखू मळतो आहे. "तुले मालूम होतं. बाकीच्याईले मालूम नोतं."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"म्या बोललो असतो त भांडन झालं असतं. तू बोलली असती त गोष्ट सरली असती."

"रागावलात माझ्यावर?"

"रागावलो ना. लय रागावलो." तो तंबाखूवर थाप मारतो, तूस उडतं. "म्हातारी म्हने, जाऊन सांग सायबाले. म्या म्हनलो, डॉक्टरीन सांगन. आज सांगन, उद्या सांगन. असं करता करता दिवाळी आली."

वैजयंती पायरीवर त्याच्या शेजारी बसते.  जो प्रश्न दोन वर्षांत तिने आरशालाही विचारलेला नाही, तो ती विचारते. "बिबट्या माझ्यामुळे मेला का, सोमाजी?"

"हो," सोमाजी म्हणतो.

तो इतकं साधं म्हणतो, वेळ विचारल्यावर सांगावी तसं. ती वाट पाहते. तो पुढे 'पण' म्हणेल, ऊन होतं, नशीब होतं, जंगल आहे चालायचंच, असं काहीतरी म्हणेल. नागपूरच्या सगळ्यांनी म्हटलं तसं. तो काही म्हणत नाही. आणि गंमत अशी की त्या एका 'हो'नंतर तिच्या खांद्यावरून काहीतरी उतरतं. दोन वर्षांत इतका मोकळा श्वास तिने घेतलेला नाही.

"अन् आज?" सोमाजी विचारतो. "आज किती भरलं?"

ती टेबलावरच्या अहवालाकडे बघते.

"पंच्यान्नव," तोच म्हणतो. "अदिकच शायनी झाली तू."

"भीती वाटते हो. जास्त झालं तर?"

"जास्त होऊ नये, कमी होऊ नये. तुह्यी भीती वजनात काहून धरते?" तो तंबाखू तोंडात टाकतो. "अर्धी झोप म्हंजे माया नोहे, बाई. अर्ध्या झोपेत जनावर भेवानंच मरते. पुरी झोप दे. मंग पुरं जागं कर. मधात ठेवू नको."

"वजन सांगा मग. तुम्हीच सांगा."

"म्या मेलो ना आता. पाठ दे."

व्हरांडा उंच होत जातो आणि गोदाम होतो. समोर पोत्यांची थप्पी आहे, दुमजली घराएवढी, आणि तिला टेकवलेली एक लांब लवचीक फळी. कानतुटी आलेली आहे. ती कुठून आली ते कुणी पाहत नाही. ती येते आणि मिलच्या काट्याजवळ आडवी होते, घरच्या मांजरीसारखी, डोळे उघडे. तुटका कान माशी उडवतो. मानेवर पट्टा रुतला आहे.

वैजयंती वाकते. या वेळी तिला कुणी सांगावं लागत नाही. गुडघे जरासे, उजवा खांदा खाली.

पहिल्यांदा पोतं येतं. पंचाहत्तरचं पक्कं पोतं, तागाचा खरखरीत स्पर्श मानेला. ती पाय रोवते. मग त्यावर कट्टा. तिचे दात आवळले जातात, पण पाठ म्हणते, अजून आहे. अजून थोडं आहे.

"अजून," ती म्हणते.

"अजून का?" सोमाजीचा आवाज हसरा आहे.

"एवढंसं. हातात धरायची वस्तू असते तेवढं."

सोमाजी तिची औषधाची पेटी उचलतो आणि वर ठेवतो. "हे?"

आणि ते बसतं. पोतं, कट्टा आणि औषधाची पेटी. पाठीवर आता तागाचा स्पर्श नाही, ऊबदार केस आहेत, आणि तिच्या कानाशी कानतुटीचा श्वास लागतो, लांब, संथ, मिनिटाला सोळा. पेटी सहा किलोची आहे. वैजयंतीने ती स्वतः काट्यावर ठेवून पाहिली आहे.

"चढ," सोमाजी म्हणतो.

"फळीवर? एवढं घेऊन?"

"म्या पंधरा वर्सं चढलो. मधात थांबू नको, फयी हालते."

ती चढते. फळी वाकते, झुलते, पण तिचं पाऊल बरोबर त्या झुल्यावर पडतं. खाली हमाल एका सुरात काहीतरी म्हणतात, ओझं वर नेताना म्हणतात तसं. चितळवाला, गवावाला, अस्वलवाला, सगळे माना वर करून बघताहेत. एवढं वजन पेलून ती चालते आहे याचा तिला इतका आनंद होतो की हसू येतं. थप्पीच्या माथ्यावर ती पोचते. तिथून सगळं दिसतं, जंगल, कालवा, धानाच्या बांध्या, आणि त्यांच्या मधून कानतुटीची तीन वर्षांची वाट, पिवळ्या रेघेसारखी.

खाली सोमाजी शेला खांद्यावर टाकतो आहे. एवढ्या उंचीवरून तो लहान दिसतो.

"कोनी विचारलं त माह्यं नाव सांगजो," तो म्हणतो.

कुणीतरी पोत्यावर थापा मारतं. ठक, ठक, ठक.

"मॅडम," निखत दाराबाहेरून म्हणते. "साडेतीन."

वैजयंती उठून बसते. डोळे कोरडे आहेत, चुरचुरतात. पंखा कण्हतो आहे. भिंत जागेवर आहे. उजवा खांदा ओझं वाहिल्यासारखा ठणकतो. ती तिथे हात लावते आणि बोटांना काहीतरी लागतं. कॉलरच्या आत, मानेला चिकटलेला, सुतळीचा एक तुकडा. वीतभर. पोत्याचं तोंड शिवतात ती जाड सुतळी, टाक्याचे वळसे अजून तिच्यात आहेत आणि एका वळशात तुसाचं एक कवच अडकलंय.

खाट नायलॉनच्या पट्टीची आहे. चादर सुती आहे. या विश्रामगृहात पोतं नाही, धान नाही, राईस मिल इथून पस्तीस किलोमीटरवर आहे. वैजयंती हे सगळं बघते, एकदा खाटेखालीही वाकून बघते. मग ती सुतळी खिशात घालते आणि पेटी बाहेर ओढते.

निखत आत येते तेव्हा भरलेले दोन्ही डार्ट रिकामे करून नोंद झालेली आहे आणि वैजयंती नवं औषध ओढते आहे. फॉर्मवर पंच्याण्णववर एक आडवी रेघ आहे. पुढे लिहिलंय, एकशे एकवीस.

"एकशे एकवीस?" निखत विचारते. "वीस नाही, पंचवीस नाही, एकवीस?"

"एकवीस," वैजयंती म्हणते. "पाणी घे बरोबर जास्तीचं. आणि कालव्याच्या बाजूला आधीच चार माणसं उभी कर."

 निखत पाण्याचे कॅन उचलून जीपकडे निघते.

साडेचारला कानतुटी बांबूतून बाहेर येते. डुकराकडे जायच्या आधी ती थांबते, अंग लांबवते आणि मांडी उन्हात येते. जीपमधून बंदुकीचा आवाज होतो, फट् असा, सायकलचं टायर फुटावं तेवढा. ती दचकून उडी मारते, दहा पावलं जाते, बसते.  रेंजर भेंडारकर साहेब घड्याळाकडे बघताहेत. तिसऱ्या मिनिटाला तिची मान हलते. सहाव्या मिनिटाला ती पुढच्या पंजांवर हनुवटी टेकते. नवव्या मिनिटाला वैजयंती लांब काठीने तुटक्या कानाला स्पर्श करते.

कान हलत नाही. ती झोपली आहे, पुरी झोपली आहे.

मग सगळ्यांचे हात चालू होतात. डोळ्यांत मलम, डोळ्यांवर कापड. श्वास मोजला जातो, मिनिटाला सोळा. जुना पट्टा कापला जातो आणि तो सुटताना मानेवरची कातडी त्याच्याबरोबर चिकटून येते, पण खाली जखम वरवरची आहे, आठ दिवसांत भरेल अशी. वैजयंती ती धुते, औषध लावते. नवा पट्टा दोन बोटं आत जातील एवढा सैल बसवते. सहा माणसं वाघिणीला जाळीत घेऊन काट्याला टांगतात.

भेंडारकर साहेब आकडा वाचतात. जाळीचं वजन वजा करतात. पुन्हा वाचतात.

"एकशे एकवीस," ते म्हणतात, आणि फॉर्मकडे बघतात. "डॉक्टर, हे तुम्ही आधी लिहिलंय?"

"आधी."

"अंदाज कुणाचा?"

"सांगते. आधी हिला उठवू."

ती उताऱ्याची सुई देते. भूल उतरवणारं औषध, तेही पुरं. सगळे जीपमध्ये चढतात. चार मिनिटांनी शेपटीचं टोक हलतं. मग कान. मग कानतुटी मान उचलते, आणि मान उचलताना काहीतरी वेगळं वाटल्यासारखी ती एकदा डावीकडे वळवते, एकदा उजवीकडे. वर्षभरात तिला मान अशी वळवता आलेली नसणार. ती उठते. एकही झोकांडी नाही. डुकराला तोंडात धरते आणि बांबूत ओढत नेते, घाई न करता, कालव्याकडे न बघता.

जीपमध्ये कुणीतरी हसायला लागतं आणि मग सगळेच हसतात. निखतच्या डोळ्यांत पाणी आहे. वैजयंती हसत नाही. ती भेंडारकर साहेबांकडे वळते आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलते.

"अंदाज सोमाजी कन्नाकेंचा आहे, साहेब. ते गेले हे मला माहीत आहे, पण वजन करायची रीत त्यांची आहे. आणि बिबट्याच्या वेळीही त्यांचा अंदाज बरोबर होता. अडुसष्ट म्हणाले होते, अडुसष्टच भरला. औषध मी कमी भरलं. मी त्यांच्यावर ढकललं. तो बिबट्या माझ्यामुळे मेला."

 भेंडारकर साहेब टोपी काढतात, टोपीवरची धूळ झटकतात.

"लेखी द्यावं लागेल," ते म्हणतात. "चौकशी होईल."

"होऊ द्या. आज संध्याकाळीच देते."

मागच्या बाकावर मोतीराम बसला आहे. तो सोमाजीच्या गावचा, त्याच्याबरोबरचा वनमजूर. तो दोन्ही गुडघ्यांवर हात आपटतो. "म्या सांगतच होतो," तो बाकीच्यांना म्हणतो. "चौदा वर्सं संगं होतो म्या. तो मानूस पोत्यात चुकाचा नाई." आणि घरी पोचेपर्यंत तो हेच तीनदा सांगतो, दर वेळी अधिक खुशीत. उद्या सकाळी सोमाजीच्या बायकोकडे जाऊन आपणच हे सांगणार असंही त्याने ठरवून टाकलं आहे. वैजयंती म्हणते, तुम्ही चला, पण सांगेन मी.

दिवेलागणीला विश्रामगृहाच्या टेबलावर ती दोन कागद ठेवते. एक आजचा फॉर्म. त्यात 'वजनाचा अंदाज कोणी केला' या रकान्यात सोमाजी कन्नाके असं पूर्ण नाव आहे, ठळक अक्षरात. दुसरा, दोन वर्षांपूर्वीच्या अहवालाची दुरुस्ती, दीड पान, खाली तिची सही. निखत टाचणी शोधते आहे. टाचण्या संपल्या आहेत.

"असू दे," वैजयंती म्हणते. ती खिशातून वीतभर सुतळी काढते, कागदांना भोक पाडून त्यातून ओवते आणि गाठ मारते, पोत्याच्या तोंडाला मारतात तशी. ही गाठ तिला कुणी कधी शिकवलेली नाही. पहिल्याच फटक्यात ती पक्की बसते.